तारखेचा अध्याय आणि नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार

२७ नोव्हेंबर २०२१ च्या दुपारी माझा तेरा वर्षांचा मुलगा सोफ्यावरून उठला, जिना चढून आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दोन वर्षं तो सामना त्यानं माझ्याशेजारी बसून पाहिला नाही. तो परत सोफ्यावर कसा आला, आणि त्या वाटेवर बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकानं मला काय काय करायला लावलं, ते लिहून ठेवते आहे.

आधी सामन्याविषयी. मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा सामना दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी होतो. इकडे त्याला नुसतं ‘द गेम’ म्हणतात, नाव घ्यावंच लागत नाही. पहिला सामना १८९७ साली ॲन आर्बरला झाला आणि मिशिगननं तो ३४-० असा जिंकला. खेळणारी सगळी कॉलेजची मुलं, पण बघायला स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं. मी २०११ मध्ये ॲन आर्बरला पब्लिक हेल्थ शिकायला आले. पहिल्याच नोव्हेंबरात विद्यार्थ्यांच्या तिकिटावर आत गेले. नियम धड कळत नव्हते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढंच शेजारच्या मुलीनं समजावलं होतं. मिशिगन ४०-३४ नं जिंकलं आणि अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. परक्या देशात आल्यावर तीन महिन्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी ‘आपलं’ धरलं होतं. तेव्हापासून मी मिशिगनची, निळ्या-पिवळ्याची.

पण नोकरी लागली टोलीडोला, आणि टोलीडो ओहायोत. हे गाव या दोघांच्या मध्ये अडकलेलं आहे. ॲन आर्बर इथून पाऊण-एक तासावर, तर ओहायो स्टेटचं कोलंबस अडीच तासांवर. १८३५ मध्ये या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन एकमेकांवर सैन्य घेऊन गेले होते. त्या ‘टोलीडो युद्धा’त लढाई म्हणावी अशी झालीच नाही. मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला चाकू लागला, तोही बचावला. शेवटी टोलीडो ओहायोला मिळालं, बदल्यात मिशिगनला उत्तरेकडचा जंगलांचा आणि खाणींचा मोठा मुलूख मिळाला आणि १८३७ मध्ये ते राज्य झालं. हे सगळं मला मुलानं चौथीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी तक्ता करताना सांगितलं. तो याच गावात वाढला, याच शाळेत गेला आणि दहाव्या वर्षी ओहायो स्टेटचा झाला. लाल जर्सी, लाल टोपी. इथल्या बऱ्याच घरांवर अर्धा निळा, अर्धा लाल झेंडा दिसतो आणि त्यावर ‘फूट पडलेलं घर’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. मुळात ते शब्द मार्काच्या शुभवर्तमानातले, तिसऱ्या अध्यायातले. तिथं येशू म्हणतो की असं घर टिकत नाही. इथं लोक तोच झेंडा मोठ्या प्रेमानं दाराशी लावतात. आमच्याही दाराशी होता.

२०१२ ते २०१९ मिशिगन ओळीनं आठ वेळा हरलं. २०२० मध्ये कोविडमुळे सामनाच झाला नाही. या सगळ्या वर्षांत ओहायो स्टेटच्या माणसांत बसून मी हार पाहिली. इथं कुणीही ‘ओ-एच’ असं ओरडलं की समोरच्यानं ‘आय-ओ’ म्हणून उत्तर द्यायचं, म्हणजे ‘ओहायो’ची चारही इंग्रजी अक्षरं पुरी होतात, अशी पद्धत आहे. दुकानात, विमानतळावर, चर्चच्या पार्किंगमध्ये, कुठंही. मी कधीच उत्तर दिलं नाही. मुलगा घरात दिवसातून दहा वेळा ‘ओ-एच’ म्हणायचा आणि मी भाजी चिरत राहायची.

मग २०२१ आलं. ॲन आर्बरला बर्फ पडत होतं. मिशिगनच्या हसन हॅस्किन्सनं पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू मैदानाच्या टोकापार नेला, आणि मिशिगन ४२-२७ नं जिंकलं. दहा वर्षांनी. मी सोफ्यावर उभी राहिले, मिशिगनचं विजयगीत गायले, इथपर्यंत ठीकच. पण मग मी फोन घेतला, मुलाच्या तोंडासमोर धरला, त्याचे भरलेले डोळे चित्रित केले आणि तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. नगर, पुणे, सिडनी, सगळीकडून हसण्याच्या खुणा आल्या. मीच त्याला त्या वाचून दाखवल्या.

२०२२ चा सामना त्यानं मित्राकडे पाहिला. २०२३ चा स्वतःच्या खोलीत, हेडफोन लावून. दोन्ही वेळा मिशिगन जिंकलं आणि दोन्ही वेळा मी खाली एकटी होते. आमचे हे नाइट शिफ्टहून येऊन झोपलेले असायचे.

पपा २०२४ च्या सुरुवातीला गेले. जूनमध्ये नगरहून येताना त्यांचं बायबल मी केबिन बॅगेतून आणलं, मम्मीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून. पपा शाळामास्तर होते आणि रविवारी मंडळीत शाब्बाथ शाळा घ्यायचे. त्यांची रोजच्या मननाची एक रीत होती. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, महिन्याचे दिवसही जास्तीत जास्त ३१, म्हणून ज्या तारखेला जो अध्याय येईल तो पहाटे वाचायचा. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी दोन. एखादं वचन त्या दिवशी टोचलं तर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारीख घालायची. बाकी काही लिहायचं नाही. मी म्हटलं, निदान एक महिना आपण हे पपांसारखं करू. १ नोव्हेंबरला सुरू केलं. पहिले तीन आठवडे खरं सांगायचं तर वाचून होत होतं, पण मनन होत नव्हतं. अध्याय पुरा झाला की मी घड्याळ बघायची आणि डबा भरायला उठायची.

२४ तारखेला रविवार होता. आदल्या दिवशी मिशिगननं नॉर्थवेस्टर्नला ५०-६ असं हरवलं होतं, पण हंगाम एकंदरीत वाईटच गेला होता, सहा जिंकले आणि पाच हरले. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. उपासनेला निघायच्या आधी मी चोविसावा अध्याय काढला. सतराव्या वचनात सांगितलं आहे की तुझा शत्रू पडला तर आनंद करू नको, त्याला ठेच लागली तर तुझं मन हर्षून जाऊ देऊ नको. पुढच्या वचनात कारण दिलं आहे, की परमेश्वर ते पाहील आणि ते त्याला आवडणार नाही. आणि त्याच्या शेजारी, समासात, पपांची पेन्सिल: २४ जून १९९४.

तो दिवस मला आठवतो. मी अकरा वर्षांची होते. शेताच्या बांधावरून पपांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा दावा अकरा वर्षं चालला होता, म्हणजे माझ्या वयाइतका. त्या दिवशी निकाल आमच्या बाजूनं लागला. मम्मीनं मला पैसे देऊन पेढे आणायला पाठवलं होतं. मी चप्पल घालत होते तेवढ्यात पपा कोर्टातून आले, छत्री दाराशी टेकवली आणि म्हणाले, “पेढे नकोत. आज त्याच्या घरात चूल पेटली नसेल.” तेवढंच. पुढं कधी त्यावर बोलले नाहीत. ते वचन त्यांनी सकाळीच वाचलं होतं की घरी आल्यावर, कोण जाणे. पण अकरा वर्षांच्या दाव्यानंतर त्या माणसानं पेढे नाकारले होते, आणि त्याच्याच मुलीनं फुटबॉलच्या एका सामन्यासाठी आपल्या लेकराचे अश्रू सिडनीपर्यंत पोचवले होते.

मी उपासनेत बसले होते, पण गाण्यात लक्ष नव्हतं. मी २०२१ ची ती दुपार मनात पुन्हा पुन्हा पाहत होते आणि पाहता पाहता मला दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. हॅस्किन्स बर्फातून धावतो, पुढची फळी त्याच्यासाठी वाट फोडते, तेव्हाचा आनंद एक. त्यात वाईट काही नाही, तो देवाच्या हातून घेतल्यासारखा निर्मळ आहे. दुसरा आनंद तेव्हाचा, जेव्हा कॅमेरा लाल टोप्यांकडे वळतो, तोंडावर हात ठेवून बसलेली माणसं शोधतो, आणि मी सोफ्यावर पुढे सरकून बसते. माझं अंग पुढे सरकतं, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. पहिला आनंद शरीरात उसळतो आणि मोकळा होतो. दुसऱ्याला अजून थोडं, अजून थोडं हवं असतं.

संध्याकाळी मुलाच्या खोलीचं दार वाजवलं. व्हिडिओबद्दल माफी मागितली. तो फोनवरच बघत म्हणाला, “तो अजून आहे ना ग्रुपवर?” होता. इतक्या जुन्या निरोपाला आता सगळ्यांच्या फोनवरून पुसता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. मग मी ग्रुपवर लिहिलं की २०२१ मध्ये टाकलेला तो व्हिडिओ टाकायला नको होता, माझी चूक झाली, कृपा करून सगळ्यांनी आपापल्या फोनमधून काढा. नगरच्या आत्यांनी लगेच कळवलं, “काढला गं बाई.” सिडनीहून दुसऱ्या दिवशी आलं. मुलानं एकेक उत्तर वाचलं, काही बोलला नाही.

२५ तारखेचा अध्याय म्हणाला की तुझा वैरी भुकेला असेल तर त्याला खायला घाल. हे तर फार सोपं निघालं. ओहायोत ‘बकआय’ नावाचा गोड पदार्थ करतात. बकआय म्हणजे तिथल्या झाडाची तपकिरी, एका बाजूला फिकट डोळा असलेली बी, आणि ओहायो स्टेटच्या संघाचंही तेच नाव. पीनट बटर, लोणी आणि पिठीसाखर मळून गोळ्या वळायच्या, थंड करायच्या आणि वितळलेल्या चॉकलेटात बुडवायच्या, वरचा थोडा भाग उघडा ठेवून, की डोळा दिसतो. इतकी वर्षं मी घरात ते करू दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी केले. हाताला ते शेंगदाण्याच्या लाडवासारखंच लागलं, फक्त गूळ नाही आणि तळहाताला तूप लावायला नको. मुलगा पाणी प्यायला खाली आला, ताटातले चाळीस बकआय बघून थांबला. एक उचलून म्हणाला, “डोळा मोठा ठेवलास.” मी पुढचे नीट बुडवले.

२६ तारखेचं वचन मजेशीर आहे, दुसऱ्याच्या भांडणात पडणारा म्हणजे वाटेनं जाणाऱ्या कुत्र्याचे कान धरणारा. त्यावर मी फार थांबले नाही. २७ वर थांबले. लोखंडानं लोखंडाला धार येते, तशी माणसानं माणसाला. इथं मला वुडी हेज आणि बो शेम्बेकलर आठवले, कारण या सामन्याची खरी धार त्या दोघांनी लावली. वुडी ओहायो स्टेटचे प्रशिक्षक. बो आधी त्यांच्या हाताखाली खेळले, मग त्यांचेच सहायक झाले, आणि १९६९ मध्ये मिशिगनचे प्रशिक्षक होऊन समोर उभे राहिले. लहानपणी पपांनी मला जत्रेतल्या कुस्त्या दाखवल्या होत्या, त्यामुळे मला हे वस्ताद आणि पठ्ठ्याचंच नातं दिसतं. त्या वर्षी ओहायो स्टेट ओळीनं २२ सामने जिंकून पहिल्या क्रमांकावर होतं आणि पठ्ठ्यानं वस्तादाला २४-१२ असं चीत केलं. पुढं १९७८ पर्यंत दोघं दहा वेळा भिडले. बो पाच जिंकले, वुडी चार, एक बरोबरीत सुटला. २००६ मध्ये दोन्ही संघ देशात पहिले-दुसरे असताना सामन्याच्या आदल्या दिवशी बो वारले. दुसऱ्या दिवशी कोलंबसला, वैऱ्याच्या घरात, लाखाहून जास्त माणसं त्यांच्यासाठी शांत उभी राहिली. आपल्याला धार लावणारा गेला, हे त्या लाल टोप्यांना कळलं होतं. त्या पहाटे मी पपांची पेन्सिल उचलली आणि पहिल्यांदा माझी तारीख घातली.

शनिवारी, ३० तारखेला, दोन अध्याय होते. एकतीस पटकन झाला. तिसाव्याच्या शेवटच्या वचनाशी मी अडले. दूध घुसळलं की लोणी निघतं, नाक पिळलं की रक्त निघतं, राग चेतवला की भांडण निघतं. आजीच्या घरी रवी होती, खांबाला बांधलेली. दोरी ओढायचं काम माझ्याकडे. किती तरी वेळ काहीच होत नाही, ताक नुसतं फसफसतं, हात भरून येतात, आणि मग एकाएकी कणी धरते. आजीला ते आवाजावरून कळायचं आणि ती माझा हात धरून थांबवायची. राग म्हणजे भडका असं मी समजत होते. इथं तर तो घुसळण्याचा प्रकार म्हणून सांगितला आहे. आणि हा आठवडा म्हणजे दुसरं काय? ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’वर लाल फुली मारतात. मिशिगनचं नाव घेत नाहीत, ‘तो उत्तरेकडचा संघ’ म्हणतात. मला हे सगळं मनापासून आवडतं, आजही. पण ही रवी माझ्या घरात कुठं थांबवायची, ते मला कळलं नव्हतं.

पावणेबाराला जिन्यावर पावलं वाजली. मुलगा लाल जर्सी घालून खाली आला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. म्हणाला, “एक अट. फोन दुसऱ्या खोलीत.” मी फोन स्वयंपाकघरात ठेवून आले.

सामना कोलंबसला होता. मिशिगन जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं, मलासुद्धा. पण मध्यंतराला १०-१०. ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून मारायचे प्रयत्न, चुकले. तिसऱ्या सत्रात एकही गुण नाही. शेवटच्या मिनिटांत मिशिगनचा कलेल मलिंग्ज गर्दी फोडून २७ यार्ड धावला तेव्हा मी उभी राहिले. ४५ सेकंद उरले असताना मिशिगनच्याच डॉमिनिक झ्वाडानं २१ यार्डांवरून चेंडू खांबांमधून काढला. १३-१०. आणि ओहायो स्टेटला उत्तर देता आलं नाही.

मी ओरडले. दोन्ही हात वर करून, पूर्ण घसा मोकळा करून. मुलानं टोपी डोळ्यांवर ओढली. मला एकदम भान आलं आणि मी बसले, हात मांडीवर ठेवले.

तेवढ्यात पडद्यावर मारामारी सुरू झाली. मिशिगनच्या मुलांनी आपला झेंडा मैदानाच्या मध्यभागी, ओहायो स्टेटच्या चिन्हावर, रोवायला नेला आणि लाल मुलं धावून आली. ढकलाढकली, गुद्दे, आणि शेवटी पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. विशीतली पोरं डोळे चोळत होती. नंतर दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलरचा दंड झाला. याच ओहायो स्टेटच्या काही खेळाडूंनी ऑगस्टमध्ये कॅम्पसवर प्रार्थनासभा घेतली होती, तिथं तरुण मुलांनी बाप्तिस्मा घेतला होता. आमच्याकडचीही प्रार्थना करणारीच मुलं. माझ्या मांडीखाली तिसावा अध्याय उघडाच पडला होता. मी रिमोट उचलला. “बंद नको करू,” मुलगा म्हणाला. मग आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिलं. मी त्याला ते वचन वाचून दाखवलं. रवी म्हणजे काय ते सांगावं लागलं. त्यानं विचारलं, “मग झेंडा रोवला ती नाक पिळल्याची स्टेप का?” मी हो म्हटलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “मम्मी, तू ओरडलीस आणि मग एकदम गप्प का बसलीस?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“तू ओरडलीस त्याचं मला काही नाही गं. तेव्हासुद्धा नव्हतं. तेव्हा तू टीव्हीकडे बघतच नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस.”

मला उत्तर सुचलं नाही. त्यानं ताटातला शेवटचा बकआय अर्धा केला आणि मोठा अर्धा स्वतः घेतला.

दुसऱ्या दिवशी ख्रिसमसआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. चर्चमध्ये आशेची मेणबत्ती लावली. निम्मी मंडळी निळी, निम्मी लाल, आणि कॉफीच्या टेबलाशी मारामारीचीच चर्चा. मी स्कार्फ घातला होता, निळाच. दरवर्षी दाराशी स्वागताला उभे राहणारे, पक्के ओहायो स्टेटचे एक आजोबा मला म्हणाले, “चांगला खेळलात.” मी म्हटलं, “तुमचा बचाव भारी होता,” आणि तो खरोखर भारी होता, १३च गुण दिले त्यांनी.

ओहायो स्टेटचा हंगाम मात्र तिथं संपला नाही. त्या वर्षीपासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत बारा संघ घेत होते, त्यात त्यांना जागा मिळाली आणि ते एकेक सामना जिंकत गेले. २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामविरुद्ध अंतिम सामना होता. सोमवार होता, दुसऱ्या दिवशी शाळा, तरी मी मुलाला जागू दिलं. त्या पहाटेचा अध्याय विसावा. त्यात म्हटलंय की लेकरूही आपल्या वागण्यावरून ओळखू येतं. मी तिथं दुसरी तारीख घातली.

आता आम्ही सोफ्याच्या एकाच टोकाला होतो. ताट मध्ये नव्हतं, माझ्या मांडीवर होतं. मी निळा स्वेटर काढला नाही, त्यानंही सांगितलं नाही. ओहायो स्टेट ३४-२३ नं जिंकलं. तो उठला, दोन्ही हात वर केले आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे तोंड करून ओरडला, “ओ-एच!”

शेजारी झोपले होते. हे वर झोपले होते. घरात कुणीच उत्तर देणारं नव्हतं.

“आय-ओ,” मी म्हटलं.

तो वळला. टीव्हीकडे पाठ करून तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण नोव्हेंबरात सामना ॲन आर्बरला आहे, लक्षात ठेव.”

“लक्षात आहे,” मी म्हटलं. “लाल टोपी धुऊन ठेव.”